शेजारच्या प्लॉटवरची गुढी

लखनौत मराठी माणूस बदलीवर येतो आणि पुढच्या बदलीची वाट बघता बघता निवृत्त होतो. निरंजन आगटे त्यातलेच. रेल्वेत पुलांचे इंजिनियर. आले तेव्हा ‘दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे’ असं बायकोला सांगून आले, आणि त्या दोन-तीन वर्षांत मुलगा बालवाडीतून निघून इंजिनियर होऊन पुण्याला नोकरीलाही लागला. तेवढ्या काळात सुरुचीबाईंनी कितीतरी क्वार्टरं बदलली. प्रत्येक ठिकाणी मापाचे पडदे शिवले आणि पुढच्या क्वार्टरात ते आखूड पडले. भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं की निरंजनराव म्हणत, “कशाला? सरकारी भिंत आहे.” कढीपत्ता लावायचा तो कुंडीत, कारण जमीनही सरकारी. बाईंचा सगळा संसार असा कुंडीत झाला.

म्हणून निवृत्तीनंतर अलीगंजात भाड्याच्या वरच्या मजल्यावर बिऱ्हाड हलवलं, तेव्हा बाईंनी जन्मात केला नव्हता तो हट्ट केला. सीतापूर रोडला, बख्शी का तालाब या गावाच्या पुढे, एक लहानसा प्लॉट त्यांनी घ्यायला लावला. तिकडे एका बाजूला हवाई दलाचं ठाणं, बाकी गव्हाची शेतं, आणि शेतांच्या मधोमध चुन्याच्या रेघा मारून आखलेलं ‘प्लॉटिंग’. रस्त्याकडेच्या पाट्यांवर कारंजी होती, बागा होत्या, दात दाखवणारी कुटुंबं होती. प्रत्यक्षात एक कच्चा रस्ता, विजेचे खांब आणि म्हशी. रजिस्ट्री सुरुचीबाईंच्या नावावर झाली. बाईच्या नावावर केली की स्टॅम्पात सूट मिळते, असं निरंजनराव भेटेल त्याला सांगत. बाईंना त्या सवलतीशी काही कर्तव्य नव्हतं. कागदावर आपलं नाव वाचून त्या दिवशी त्यांना आनंदाने जेवण गेलं नव्हतं.

घर पाहावं बांधून म्हणतात, पण इथे बांधायची वेळच येईना. निरंजनरावांचा जीव त्या प्लॉटमध्ये नव्हता. एक तर त्यांना कब्ज्याची धास्ती. “इथे रिकामी जागा दिसली की आज कुणी झेंडा रोवतो, उद्या खाट टाकतो, परवा देऊळ बांधतो. मग आपण फिरा कोर्टात,” हे त्यांचं ठरलेलं भाषण. चहाच्या पहिल्या घोटाला सुरू व्हायचं आणि कप विसळेपर्यंत चालायचं.

दुसरं कारण ते बोलत नसत. एकदाच बोलले होते, हिवाळ्यात, उन्हात संत्रं सोलत. “सुरुची, उद्या मला काही झालं, तर खांदा द्यायला तू इथे चार माणसं कुठून आणणार?”  ओळखीची मराठी घरं एकेक करून गेली होती. हवाई दलातल्या मराठी मुली गोड, ‘काकू, काकू’ करणाऱ्या, पण त्यांची आपल्याशी ओळख होईतो ट्रंका भरायची वेळ येते. जिथे जन्म काढला तिथे आपलं कोण, हा प्रश्न बाईंनाही टोचत होता. फक्त त्या तो उन्हात बसून सोलत नव्हत्या.

त्यात पुण्याहून निनादचा फोन. तो राहत होता त्याच इमारतीत खालचा फ्लॅट विकायला निघाला होता. “आई, यार, या ना इकडे. नीचेवाला फ्लॅट आहे, एकदम सही. अमृता पण तेच म्हणते. पण मालक पाडव्याच्या पुढे थांबणार नाही हाँ.” पोर लखनौत वाढलेलं, त्यामुळे त्याची मराठी अशी हिंदीचा सदरा घालून यायची. सून अमृताही गुणी. या प्रकरणात वाईट असं कुणी नव्हतंच, आणि तीच बाईंची पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता येतं. मायेने बोलावणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

अखेर ठरलं. प्लॉट विकायचा, पुण्याला जायचं, पाडव्याच्या संध्याकाळी निनादला तसं कळवायचं. प्लॉट ज्याने दिला होता त्या अनीश नावाच्या दलालाकडे गिऱ्हाईकही तयार होतं. दोन कानांना दोन फोन लावून बोलणारा हा मुलगा. त्याच्याकडे गिऱ्हाईक कधी तयार नसे असं होतच नसे.

बाईंनी एकच मागितलं. “पाडव्याला माझ्या जागेत गुढी उभारू द्या. इतकी वर्षं क्वार्टराच्या गजाला बांधली. एकदा जमिनीत रोवते. मग विका खुशाल.”

 निरंजनराव संध्याकाळी स्वतः जाऊन बांबू घेऊन आले. चांगला सरळ, हिरवा, आणि गाडीत न मावणारा.

पाडव्याला सकाळीच दोघं निघाली. बांबूचं टोक खिडकीतून बाहेर, त्याला लाल चिंधी बांधलेली. मागच्या सीटवर बाईंची लाल नारायणपेठ, लग्नातला तांब्याचा कलश, कडुलिंबाची टहाळी, झेंडूचा हार. साखरेची गाठी पुण्याहून कुरियरने आली होती, पण येईपर्यंत तिचा भुगा झाला होता, म्हणून बाईंनी बत्तासे दोऱ्यात ओवून घेतले होते. गहू कापणीला आला होता. रस्त्याकडेच्या आंब्यांना मोहर सरून बोराएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या.

साइटवर पोचल्यावर पहिला प्रश्न आला, आपला प्लॉट कोणता. सगळे सारखेच. हद्दीचे दगड होते, पण ट्रॅक्टरच्या फेऱ्यांत निम्मे मातीत गेले होते.

“त्या दूधवाल्याला विचारू या का?” बाई म्हणाल्या.

“मी नदीत खांब उभे केलेत, मला प्लॉट सापडणार नाही?” निरंजनराव म्हणाले.

नवऱ्याला पत्ता विचारायला लावणं आणि मांजराला आंघोळ घालणं, दोन्हीच्या वाटेला शहाण्या बाईने जाऊ नये.  निरंजनरावांनी विजेच्या खांबांवरून हिशोब केला, पावलं टाकली आणि एका जागी टाच रोवून म्हणाले, “हा.” गेल्या थंडीत वीजवाल्यांनी मध्ये एक नवा खांब घातला होता, हे त्यांना कोण सांगणार? सांगणारा दूधवाला तर पुढे निघून गेला होता.

गुढी म्हणजे एका दिवसाची पाहुणी. पण खड्डा खणायला इंजिनियर बसले होते. त्यांनी हातभर खोल खणलं, बांबू ओळंब्यात धरला, भोवती दगड ठासले, वर माती चोपली. बाईंनी साडीच्या निऱ्या घातल्या, हार, बत्तासे, कडुलिंब बांधला, वर कलश पालथा ठेवला. लाल जरीचं कापड मोकळ्या शेतावरच्या वाऱ्याला लागलं आणि फडफडलं. गॅलरीतल्या गुढीला असा वारा कधी मिळाला नव्हता. बाई बघत राहिल्या.

“रडतेस काय?” निरंजनरावांनी विचारलं.

“चुना गेला डोळ्यात.”

संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत उतरवायला येऊ, असं म्हणून दोघं घरी परतली. श्रीखंड-पुरी झाली. श्रीखंडावर निरंजनरावांना झोप लागली आणि तेवढ्यात फोन वाजला. अनीशचा.

“सर, ज़रा साइट पे आ जाइए. मैडम को भी ले आइए. नहीं नहीं, घबराने की बात नहीं है, बस आ जाइए.”

लखनौत घाबरण्यासारखं काही नाही असं कुणी आपणहून म्हणालं, की घाबरायला सुरुवात करावी. दोघं लगबगीने पोचली तर गुढीभोवती अर्धं गाव. सतरंजी अंथरलेली. बायका ढोलक घेऊन बसल्या होत्या आणि गाणं रंगात आलं होतं. गुढीच्या पायथ्याशी दिवा, नारळ, शेंदूर, वर किनारीची चुनरी.

बाईंच्या लक्षात सगळं एका क्षणात आलं. आपला पाडवा तोच यांच्या चैत्रातल्या नवरात्राचा पहिला दिवस. या दिवशी घरोघर देवीचा कलश बसतो. अशा दिवशी सकाळी सकाळी माळावर लाल साडी नेसलेलं, कडुलिंब ल्यालेलं, कलश घेतलेलं काही उभं दिसलं, तर बायकांनी दुसरं काय समजायचं? त्यात कडुलिंब म्हणजे देवीचं झाड. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती, अशी गत झाली होती.

घोळक्याच्या कडेला एक पन्नाशीचा माणूस येरझारा घालत होता. पांढरा पायजमा, खिशाला दोन पेनं, चेहरा उकडलेला. अनीशने ओळख करून दिली. हा हरिहर. ही सगळी शेतं याच्या घरची होती. प्लॉटिंगवाल्यांना विकली, पण रस्त्याला लागून एक प्लॉट त्याने राखून ठेवला होता. आता इथे घरं होणार, घरांना सिमेंट लागणार, सळ्या लागणार, मौरंग म्हणजे ती जाडी वाळू लागणार. या मालाचं दुकान त्याला काढायचं होतं. रामनवमीला पायाभरणी ठरली होती.

हरिहर हात जोडून पुढे आला. राग डोक्यात, पण रीत जिभेवर. “बहनजी, बुरा मत मानिएगा. आपने हमारी ज़मीन पर देवी बैठा दीं.”

“आपकी?” निरंजनराव म्हणाले.

“सर, आपका प्लॉट बगल वाला है,” अनीश हळूच म्हणाला आणि त्याने नव्या खांबाकडे बोट केलं.

निरंजनराव त्या खांबाकडे बघत राहिले. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या मोजमापातल्या चुका काढल्या त्याला आपली चूक बघायला वेळ लागतो. सुरुचीबाई मात्र खांबाकडे बघत नव्हत्या. अख्ख्या जन्मात आपल्या जमिनीत एक गुढी रोवली, आणि ती जमीनही दुसऱ्याची निघाली.  इतकं वाईट त्यांना प्लॉट विकायचं ठरलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

“गलती हो गई. हम अभी उतार लेते हैं,” निरंजनराव म्हणाले आणि बांबूकडे वळले.

“कोई हाथ न लगाए.” ढोलकवाली म्हातारी उठून उभी राहिली. ही फूलमती, हरिहरची आई. अंगाने काडी, आवाजाने नगारा. “परेवा को मैया आई हैं, परेवा को ही विदा करोगे? नौ दिन रहेंगी.” परेवा म्हणजे पाडवा.

“अम्मा, यहाँ दुकान बननी है,” हरिहर म्हणाला.

“दुकान मैया से बड़ी है?”

हरिहरने आभाळाकडे पाहिलं. तिथून हवाई दलाचं विमान चाललं होतं, तेही काही बोललं नाही. देवी एकदा बसली की उठत नाही, आधी चुनरी, मग ओटा, मग कळस, हे त्यालाही ठाऊक होतं. दुकान गेल्यातच जमा होतं.

सुरुचीबाई फूलमतीजवळ गेल्या. “अम्मा, ये गुढी है. हमारे नए साल की. हमारे यहाँ सूरज डूबने से पहले उतारते ही हैं. मेरी सास ने बताया है.”

“वो तुम्हारे यहाँ. ये हमारे यहाँ.” म्हातारीने बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आवाज थोडा खाली आणला. “और एक बात बताओ दुलहिन, कलश औंधा काहे धरा है? जल कहाँ ठहरेगा?”

साठीला टेकलेल्या बाईला कुणी नवी नवरी म्हणावं, हे लखनौकडेच होतं. पण बाई त्यावर हसल्या नाहीत. त्या कलशाकडे बघत होत्या. सूर्य झाडांच्या शेंड्यांना आला होता. सासूबाईंची रीत मोडायची नाही आणि या म्हातारीच्या नवरात्रावर बोळा फिरवायचा नाही, असं काही असेल का? तांब्या तर एकच आहे. आपण पालथा घालतो, या सुलटा ठेवतात.

त्यांनी पदर खोचला. गुढीला हळदकुंकू वाहिलं, साखर दाखवली, आणि निरंजनरावांना म्हणाल्या, “धरा.” घोळक्यात कुजबुज झाली, पण हळदकुंकवाचा हात बघून कुणी अडवलं नाही. ठासलेला बांबू निरंजनरावांकडून हलेना. शेवटी हरिहरने जोर लावला तेव्हा निघाला. “क्या गाड़ा है साहब,” तो पुटपुटला, त्यात थोडं कौतुकही होतं. बाईंनी साडी घडी केली, बत्तासे पोराबाळांना वाटले. मग तो कलश पदराने पुसून त्या रस्त्याकडेच्या हातपंपावर गेल्या, काठोकाठ भरला, आणि चुन्याची रेघ ओलांडून शेजारच्या, आपल्या प्लॉटवर आल्या. मातीची ढिगुळी केली. तिच्यावर कलश सुलटा ठेवला, आंब्याची पानं लावली, वर नारळ.

“अम्मा, अब जल ठहरेगा,” त्या म्हणाल्या. “नौ दिन यहीं रहेंगी. मेरे घर.”

घर कुठे होतं? रेघा होत्या चार. पण फूलमतीने ते चालवून घेतलं. क्षणभर विचार केला, ढोलक काखोटीला मारलं आणि सगळं भजनी मंडळ सतरंजीसकट शेजारी हललं. कुणीतरी ओंजळभर जव आणून कलशाभोवतीच्या मातीत पेरले. हरिहरचा चेहरा उजळला तो असा की त्याने तिथल्या तिथे आपली ताडपत्री मागवली आणि कलशावर मांडव घालून दिला.

निरंजनराव बाईंच्या कानाशी आले. “अगं, आता तुझ्या प्लॉटवर देवी बसली. आता विकणार कसा?”

“नऊ दिवसांनी बघू. निनादला सांगा, रामनवमीनंतर कळवतो.”

एरवी यावर तास-दीड तास वाद झाला असता. पण समोर तो नवा खांब उभा होता. निरंजनरावांनी मुकाट्याने फोन लावला. निनादने फ्लॅटमालकाकडून कशीबशी नऊ दिवसांची मुदत मिळवली.

मग नऊ दिवस रोज अलीगंज ते बख्शी का तालाब. कलशाजवळचा दिवा विझता कामा नये, आणि जागा ज्याची त्याने दिवसा तरी बसायला हवं, असं फूलमतीचं फर्मान होतं. निरंजनराव आधी गाडीत बसून पेपर वाचत. मग ऊन तापलं म्हणून मांडवात आले. मग हरिहरच्या दुकानाच्या पायाची आखणी तिरपी दिसते म्हणून उठले, आणि उठले ते उठलेच. दोरी धर, काटकोनाला गुण्या आण, हा कोपरा कापा. चूक नवरोबांची होती म्हणून गप्प होते ते पहिले दोन दिवस. पुढे त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येऊ लागला. हरिहर त्यांना “बड़े बाबू” म्हणू लागला आणि न विचारता दोन वेळचं ताक पाठवू लागला.

इकडे बाईंनी दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी नेली. बायकांनी आधी ती संशयाने हुंगली, कारण त्यांच्या उपासाला कुट्टू नावाच्या पिठाची पकोडी. दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आत वाट्या पुढे आल्या. फूलमतीने त्यांना गाणी शिकवली. बाईंचा सूर बरा होता, शब्द मात्र माहेरच्या कोल्हापूरचे होऊन बाहेर पडत आणि बायका हसून लोटपोट होत. त्या हसण्याने बाईंना लाज वाटली नाही, बरं वाटलं. अलीगंजात त्यांना असं तोंडावर कुणी हसत नसे. तिथे सगळे “नमस्ते मैडम” म्हणून दार लावून घेत.

एके दुपारी निरंजनराव उन्हात आखणी बघत उभे होते, आणि उभ्याचे बसले, बसल्याचे कलंडले. पाणी प्यायलेच नव्हते. सुरुचीबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक बाहेर पडायच्या आत हरिहर आणि तीन गडी धावले होते. त्यांनी खाट आणली, निरंजनरावांना तिच्यावर घातलं आणि खाटेसकट उचलून आंब्याखाली नेलं. फूलमतीने डोक्यावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, आणि “इस उमर में टोपी नहीं पहनते?” म्हणून सर्वांदेखत खडसावलं. डॉक्टर येऊन गेला. ऊन लागलं होतं, बाकी काही नाही. 

परतीच्या वाटेवर गाडी हरिहरचा पुतण्या चालवत होता.  निरंजनराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, “चौघं होते ना गं?”

“कोण?”

“खाट उचलणारे.”

बाईंना कळलं. “भलतंसलतं बोलू नका,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. निरंजनरावांनी तो घरी पोचेपर्यंत सोडवून घेतला नाही.

देवी बसली म्हणून पहिलं गिऱ्हाईक पळालं होतं. पण अष्टमीला अनीशचा फोन आला, आणि त्याचा आवाज लाडूसारखा गोड होता. “सर, रेट चढ गया. पार्टी कह रही है, जहाँ मैया के पाँव पड़े वही प्लॉट चाहिए. मुँहमाँगा देंगे. कल बयाना लेके आ रहे हैं.” जमिनीचा भाव कशाने चढेल हे भल्याभल्यांना कळत नाही. बाईंनी ते ऐकलं आणि त्या खिचडीच्या साबुदाण्यात पाणी जास्त घालून बसल्या. कबूल केलं होतं आपणच, मग विका खुशाल म्हणून.

रामनवमीला सकाळी हरिहरची पायाभरणी उरकली, मग हलवा, पुरी, काळे चणे झाले. देवी म्हणून बसवलेल्या मुलींचे पाय धुऊन झाले. कलशाभोवती जव वीतभर उगवले होते, पिवळट, कोवळे. आता फूलमतीने कलश हलवायचा आणि पाणी सगळ्यांच्या अंगावर शिंपडायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात अनीशची मोटारसायकल आली आणि मागून पार्टीची मोठी पांढरी गाडी.

“ई कौन हैं?” फूलमतीने विचारलं.

“अम्मा, इन्होंने ले लिया है प्लॉट,” अनीश अभिमानाने म्हणाला. “मैडम लोग पूना जा रहे हैं.”

 सुरुचीबाईंना मान वर करवेना. नऊ दिवसांत त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, सांगवतच नव्हती. फूलमतीने त्यांच्याकडे पाहिलं, पांढऱ्या गाडीकडे पाहिलं, आणि कलशावर ठेवलेला हात न उचलता तिथेच मांडी घालून बसली.

“तो सुन लो बड़े बाबू. दुलहिन यहाँ रहेगी तो मैया आज उठेंगी. बेचोगे तो मैया यहीं बैठी हैं. हम भी बैठे हैं. कर लेना कोर्ट-कचहरी.”

याला म्हणतात कब्जा. इतकी वर्षं निरंजनराव चहाबरोबर ज्याची धास्ती घेत आले होते तो हाच, दिवसाढवळ्या, त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि करणारी बाई त्यांच्या गुडघ्याएवढी. हरिहर घाबरून म्हणाला, “अम्मा, चुप रहो, उनकी ज़मीन है.” अम्मा चुप होती, फक्त उठत नव्हती.

सुरुचीबाई नवऱ्याजवळ गेल्या आणि मराठीत बोलल्या, म्हणजे त्यांच्या दोघांचंच राहील. “अहो, मला इथेच राहायचंय. आजवर कधी म्हटलं नाही. तुमची बदली तिथे मी, निनादची शाळा तिथे मी. आता म्हणते. मला इथे घर बांधून द्या.”

निरंजनरावांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. ही टोपी फूलमतीने आणवली होती.

“अनीश,” ते म्हणाले, “साहब लोगों को हलवा-पूरी खिलाओ. ज़मीन बिकाऊ नहीं है.” मग हरिहरकडे वळले. “तुम्हारी दुकान की पहली मौरंग इधर गिरेगी. और सुनो, छानकर देना. मैं हाथ में लेकर देखूँगा.”

हरिहरला हसावं की हिशोब करावा कळेना. बायकांनी एकदम ढोलक धरलं. बाई पदराने डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. निरंजनरावांनी फोन काढून निनादला लावला. ऐकायला कमी येतं म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर.

“निनाद, तो खालचा फ्लॅट सोडून दे रे बाबा. आम्ही इथे घर बांधतोय. तुझ्या आईच्या जागेत.”

 सुरुचीबाई फोनजवळ सरकल्या. पोराने इतक्या मायेने बोलावलं होतं.

“निनाद? ऐकतोयस ना?”

“हाँ बाबा.” त्याचा आवाज भरला होता, आणि भरला की तो मराठीत बोलायचं पार विसरायचा. “बाबा, मेरा कमरा किधर होगा?”

निरंजनरावांनी फोन बाईंपुढे धरला. बाई चुन्याच्या रेघांकडे बघत खोली कुठे बसते ते शोधू लागल्या. तेव्हा फूलमती, जिने निनादला जन्मात पाहिलं नव्हतं, कलशावरचा हात न काढता फोनकडे वाकली आणि नगाऱ्यासारखा आवाज लावून म्हणाली, “पूरब की ओर, भैया. उधर हवा बहुत आवत है.”